बेंगळुरूचं सांडपाणी आणि कोलारची तळी

बेंगळुरूत नळाला येणारं पाणी शंभर किलोमीटरवरून येतं आणि वाटेत सुमारे अर्धा किलोमीटर उंची चढतं. कावेरीतून उचललेलं हे पाणी टप्प्याटप्प्यानं पंप करत शहरापर्यंत आणावं लागतं. 1974 साली पहिला टप्पा सुरू झाला, ऑक्टोबर 2024 मध्ये पाचवा. इतक्या सायासानं आणलेल्या पाण्यात आपण अंघोळ करतो, भांडी घासतो, कपडे धुतो आणि ते मोरीत सोडून देतो. त्यापुढे त्याचं काय होतं हे शहरात फारसं कुणी विचारत नाही. मी विचारते, कारण तेच माझं पोटापाण्याचं काम आहे. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी नोकरी करते आणि शहराच्या आग्नेयेला, बेळ्ळंदूरच्या बाजूला राहते.

बेळ्ळंदूरचं तळं बाहेरच्यांना माहीत झालं ते आगीमुळे. फेब्रुवारी 2017 मध्ये आणि परत जानेवारी 2018 मध्ये तिथून धुराचे लोट उठले. तळ्यावर माजलेल्या गवतानं आणि कचऱ्यानं पेट घेतला होता. त्याआधीची काही वर्षं पावसाळ्यात तळ्याच्या सांडव्यावरून साबणाचा पांढरा फेस उडून रस्त्यावर यायचा. शहराच्या मोठ्या भागाचं मैलापाणी या कोरमंगल–चल्लघट्ट खोऱ्यातून वाहतं. हेच खोरं इंग्रजी आद्याक्षरांनी ‘केसी व्हॅली’ म्हणून ओळखलं जातं, आणि याच खोऱ्यातलं पाणी शुद्ध करून 2018 पासून कोलार जिल्ह्यातल्या तळ्यांत सोडलं जातंय. ठरलेला आकडा आहे रोज 44 कोटी लिटर. शंभराहून अधिक तळी, पन्नासेक किलोमीटरची मोठी जलवाहिनी आणि हजार कोटींवर खर्च. शहरानं वापरलेलं पाणी एवढ्या प्रमाणात दुष्काळी गावांकडे वळवणारी योजना आपल्या देशात विरळाच.

कोलार बेंगळुरूच्या पूर्वेला, दीड-दोन तासांवर. जिल्ह्याला बारमाही नदी नाही. पाऊस वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षा बरा, पण बेभरवशाचा. तशी नदी नाही म्हणून इथल्या माणसांनी शेकडो वर्षांपासून उतारावर बांध घालून तळी केली. जिल्ह्यात अशी दोन हजारांहून अधिक तळी आहेत. शहाजीराजांच्या जहागिरीत बेंगळुरूबरोबर कोलारही होतं, तेव्हाही हा मुलूख या तळ्यांवरच पोसला जात होता. तळी सुटी नाहीत, साखळीत आहेत. वरचं भरलं की सांडव्यावरून पाणी खालच्या तळ्यात, तिथून आणखी खाली. प्रत्येक तळ्याला दगडी खांबांमध्ये बसवलेली मोरी आणि ती उघडायला गावानं नेमलेला नीरगंटी. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं हे तोच ठरवायचा, आणि त्याचा मोबदला शेतकरी धान्यात द्यायचे. धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत पाटकरी जे करायचा, तेच इथं नीरगंटी करायचा.

मग बोअर आले. ज्याच्या शेतात बोअर, त्याला तळ्याची आणि नीरगंटीची गरज उरली नाही. पाट बुजले, तळ्यांत गाळ साचला, काठावर नीलगिरी लागली. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली कोलारमध्ये नीलगिरीची जी लागवड झाली, तिनं जमिनीतली ओल किती ओढून घेतली यावर अजून वाद होतात. कर्नाटक सरकारनं 2017 साली नव्या लागवडीवर बंदी घातली, यावरून काय ते समजावं. कृषिपंपाला दहा अश्वशक्तीपर्यंत वीज फुकट, त्यामुळे उपशाला लगाम नाही. इथला खडक ग्रॅनाइट आणि नाइसचा. वरचा मुरमाचा आणि झिजलेल्या खडकाचा थर संपला की खाली अखंड कातळ. पाणी असलंच तर त्याच्या भेगांत. पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला तिथं बोअर मारायचा. पाचशे फूट, हजार फूट, दीड हजार फूट. मशीनवाल्याचे पैसे फुटावर, पाणी लागो न लागो. एक बोअर फेल गेला की दुसऱ्यासाठी कर्ज. याच जिल्ह्यात कोलार गोल्ड फील्ड्सच्या खाणी सोन्यासाठी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या आणि फेब्रुवारी 2001 अखेर बंद पडल्या. खाणींना निदान कंपनी होती. बोअरचा तोटा एकेका घरानं एकट्यानं सोसला.

खोल बोअरचं दुसरं दुखणं फ्लोराइड. जितकं खोल जावं तितकं कातळात मुरलेलं जुनं पाणी, आणि त्यात फ्लोराइड जास्त. दातांवर तपकिरी पट्टे आणि म्हाताऱ्यांच्या आखडलेल्या कंबरा या भागात नव्या नाहीत. म्हणून तळ्यांत पाणी साठवून ते जमिनीत मुरू द्यायचं, वरचा थर भरायचा, भूजल वर आणायचं आणि फ्लोराइड पातळ करायचं, असा या योजनेचा हिशेब. तळ्यातून थेट मोटारीनं पाणी उपसायचं नाही, मुरलेलंच वापरायचं, हा नियम. कागदावर हा हिशेब मला पटतो. मातीचा थर गाळणीचं काम करतो, ही कल्पना मुळीच चुकीची नाही.

जून 2018 मध्ये कोलार तालुक्यातल्या लक्ष्मीसागर तळ्यात पहिलं पाणी पोचलं आणि लोकांनी त्याची पूजा केली. पुढच्याच महिन्यात त्याच तळ्यावर फेस दिसला. शेतकरी कार्यकर्ते उच्च न्यायालयात गेले आणि पाणी थांबलं. सप्टेंबरमध्ये ते पुन्हा सोडायला परवानगी मिळाली. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली, एप्रिलमध्ये ती उठली. तेव्हापासून पाणी येतंय. ‘विकासाला विरोध करणारे लोक’ असा शिक्का त्या काळात या तक्रारदारांवर बसला, तो मला अन्यायाचा वाटतो. त्यांचं म्हणणं सोपं होतं: दोन टप्प्यांचं शुद्धीकरण पुरेसं नाही, तिसरा टप्पा करा.

हे टप्पे काय असतात ते माझ्या टेबलावरूनच सांगते. पहिल्या टप्प्यात जाळीनं कचरा अडवतात, वाळू-गाळ तळाशी बसू देतात. दुसऱ्यात मोठ्या हौदांत हवा सोडून जिवाणू वाढवतात आणि ते जिवाणू पाण्यातली घाण खातात. त्यांनी किती खाल्ली हे आम्ही बीओडीवरून, म्हणजे जैविक प्राणवायू मागणीवरून, पाहतो. तीनशे मिलिलिटरची निमुळत्या गळ्याची काचेची बाटली असते, तिला घासून बसवलेलं काचेचं बूच. ती अशी भरायची की आत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. एक बुडबुडा राहिला तरी नमुना बाद. मग ती 27 अंश तापमानाला तीन दिवस अंधारात ठेवायची. त्या काळात जिवाणूंनी पाण्यातला जितका प्राणवायू वापरला, तितकी त्यात घाण उरली होती. कच्च्या मैलापाण्यात हा आकडा लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. केंद्र नीट चाललं तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात तो दहाच्या आसपास येतो. पाणी दिसायला स्वच्छ, वासही फारसा नाही.

पण बीओडी उतरला म्हणजे सगळं उतरलं असं नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरस बऱ्याच प्रमाणात तसेच राहतात. त्यावर तळ्यात जलपर्णी आणि हिरवं शेवाळ माजतं. रोगजंतू कमी होतात, संपत नाहीत. साबणातली, औषधांतली कित्येक द्रव्यं तशीच पुढे जातात. आणि मीठ तर कुठल्याच हौदात निघत नाही. शहर पाणी वापरतं तेव्हा त्यात सोडियम, क्लोराइड वाढतं, ते थेट शेतापर्यंत पोचतं. पाच-सात वर्षं असं पाणी चिकण मातीला पाजलं तर माती घट्ट बसू लागते आणि पाणी मुरायचं कमी होतं. कारखान्याचं पाणी चोरून गटारात सोडलेलं असेल तर जड धातूही येतात. म्हणून आता वृषभावती खोऱ्याचं पाणी तुमकुरूच्या बाजूच्या तळ्यांकडे न्यायची योजना आहे, तिची मला जास्त काळजी वाटते. त्या खोऱ्यात पीण्या नावाची औद्योगिक वसाहत आहे. तिसरा टप्पा म्हणजे बारीक गाळण, नायट्रोजन-फॉस्फरस काढणं, शेवटी निर्जंतुकीकरण. तो महाग आहे, मान्य. पण कावेरीचं पाणी अर्धा किलोमीटर उंच चढवायला पैसे असतात, तर ते पुढे शेजाऱ्याच्या विहिरीत जाण्याआधी नीट धुवायलाही असायला हवेत.

नरसापूरच्या बाजूला एका तळ्याकाठी शेती करणाऱ्या बाईंशी बोलले होते. त्यांचं घर तेलुगू बोलणारं, माझ्याशी कन्नडात बोलत होत्या. सासऱ्यांच्या काळापासून कोरडी पडलेली त्यांची उघडी विहीर पाणी सुटल्यावर वर्षभरात भरली, बोअरही पुन्हा चालू झाला. त्या खूश होत्या, आणि त्यांच्या जागी मीही झाले असते. बोलता बोलता त्यांनी विचारलं, “मेडम, हे पाणी हातपाय धुवायला चालतं का? जनावरं तर पितातच.” त्यांच्या गावात तपासणीचा कागद कुणीच पाहिलेला नव्हता. तळ्याच्या बंधाऱ्यावर योजनेचा खर्च आणि पुढाऱ्यांची नावं लिहिलेला फलक होता. पाण्यात काय आहे ते त्यावर नव्हतं. मी त्यांना सांगितलं की पिऊ नका, भांडी घासू नका, कच्ची खायची भाजी यात धुऊ नका, हातापायाला जखम असेल तर उतरू नका. इतकं साधं सांगायला कुणी प्रयोगशाळेतून यायची गरज पडू नये.

भूजल वर आलं हे खरं आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या तळ्यांच्या परिसराचा अभ्यास केला, त्यातही विहिरींची पातळी वाढल्याचं दिसलं. 2021 साली पाऊसही धो धो झाला, हे मात्र हिशेबात धरावं लागेल. वर्षानुवर्षं कोरडी असलेली तळी त्या वर्षी पावसानंच सांडव्यावरून वाहिली. आणि पाणी आलं की गावात काय बदलतं हे पाहायला भूजलाच्या पातळीपलीकडे बघावं लागतं.

पहिला बदल पिकात. कोलारचं टोमॅटो मार्केट आशियातल्या मोठ्या बाजारांत मोडतं. इथून क्रेट भरभरून ट्रक उत्तरेकडे जातात. जुलै 2023 मध्ये 15 किलोच्या क्रेटला दोन हजारांहून जास्त भाव मिळाला, तेव्हा शेतकऱ्यांनी रात्री शेतात पहारे दिले. आणि बाजार पडला की हेच टोमॅटो रस्त्याकडेला ओतलेले दिसतात. बोअरला पाणी आलं की पहिला विचार टोमॅटोचा, ढोबळी मिरचीचा, फुलांचा. ठिबक आहे, प्लॅस्टिकचं आच्छादन आहे, दोन्ही चांगलंच. पण ठिबकनं वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर भिजत असेल तर उपसा तेवढाच राहतो, नाही तर वाढतो.

इथल्या जुन्या शेतीत नाचणी मुख्य. नाचणीच्या काही ओळींमागे एक ओळ वालाची किंवा तुरीची, कडेनं कारळे आणि मोहरी. याला इथं अक्कडी सालु म्हणतात. पाऊस उशिरा आला तरी काहीतरी हाताला लागतंच, वाल जमिनीला नत्र देतो, जनावरांना कडबा मिळतो. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं नाचणीचे करप्याला दाद न देणारे जीपीयू–28 सारखे वाण काढले आणि ते शेतकऱ्यांनी उचलले. सरकारही रेशनसाठी नाचणी विकत घेतं. 2025–26 चा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये होता. चांगल्या वर्षीच्या टोमॅटोपुढे हा पैसा फिका, हे उघड आहे. म्हणून ‘नाचणी लावा’ असा उपदेश मी कुठल्याही शेतकऱ्याला करणार नाही. पण एखाद्या जिल्ह्याला रोज कोट्यवधी लिटर पाणी द्यायचं आणि त्यावर कुठलं पीक किती घ्यायचं याचा एक शब्दही काढायचा नाही, हेही मला पटत नाही.

दुसरा बदल तळ्यातच होतो. उन्हाळ्यात तळं आटायचं तेव्हा गावकरी गाळ काढून शेतात टाकायचे. आपल्याकडे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली ती याच जुन्या शहाणपणावर. आता तळं बारा महिने भरलेलं, मग गाळ कधी काढणार? आणि भरलेल्या तळ्यात पावसाचं स्वच्छ पाणी मावणार कुठे? शिवाय या पाण्यातलं काही पूर्वी बेळ्ळंदूर-वर्तूरहून दक्षिण पिनाकिनीत जायचं आणि वाटेतले शेतकरी त्यावर भात आणि पालेभाज्या घ्यायचे. ते पाणी ‘वाया’ जात होतं असं म्हणणं म्हणजे त्या शेतकऱ्यांना मोजायचंच नाही असं ठरवणं.

जगात हे प्रयोग झालेले आहेत. तेल अवीवजवळ शाफदान इथं शहराचं सांडपाणी शुद्ध करून वाळूच्या थरात मुरवतात, मग पुन्हा उपसून नेगेवच्या वाळवंटातल्या शेतीला देतात. इस्रायलमध्ये सांडपाण्याचा जवळजवळ नव्वद टक्के भाग शेतीत परत जातो, पण प्रत्येक दर्जाच्या पाण्यावर कुठलं पीक घ्यायचं हे ठरलेलं असतं. उलट उदाहरण मेक्सिकोचं. मेक्सिको सिटीचं कच्चं मैलापाणी शंभराहून अधिक वर्षं मेझ्कितालच्या खोऱ्यात शेतीला गेलं. जमीन हिरवी झाली, मका आणि जनावरांचा चारा भरपूर पिकला, आणि आतड्याचे रोगही घरोघरी गेले. 1991 मध्ये कॉलऱ्याची साथ आल्यावर अशा पाण्यावर कच्च्या खायच्या भाज्या घेण्यावर कडक बंधनं आली. पुढे मोठं शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं तेव्हा तिथले काही शेतकरी नाराज झाले, कारण पाण्यातलं फुकटचं खत जाणार होतं. त्यांचंही चुकत नव्हतं.

इतकं लांब जायचीही गरज नाही. माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं. पुरंदर उपसा योजना मुळा-मुठेचं पाणी उचलून आमच्या कोरड्या भागात आणते, आणि त्या नदीत पुण्याचं मैलापाणी असतं. पुणेकर खडकवासल्याचं पाणी पितात आणि आम्ही त्यांचं वापरलेलं पाणी वीजबिलातला 19 टक्के हिस्सा भरून विकत घेतो. तरीही आमच्याकडचे लोक आवर्तनाची वाट पाहतात, कारण त्याच्याशिवाय अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा उन्हाळा काढत नाहीत. त्यामुळे कोलारच्या बाईंचा आनंद मला आतून कळतो.

आणि याच पुरंदरमध्ये पाण्याच्या वाटपाचा एक नियम पन्नास वर्षांपूर्वी लिहिला गेला. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणशी द्यायचं. माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चातला वाटा गावानं आधी भरायचा. पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत, सरकारी यंत्रणेनं ते नियम मोठ्या प्रमाणावर उचललेही नाहीत. पण कोलारमध्ये जलवाहिनी आणि पंपांचा खर्च उचलणाऱ्या सरकारनं हे नियम समोर ठेवले असते तर बोअरवाल्याबरोबर बोअर नसलेल्यालाही या पाण्यात वाटा मिळाला असता. आज ज्याचा बोअर जितका जवळ आणि जितका खोल, तितकं त्याचं पाणी. शेळ्या राखणाऱ्या घराला, दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणाऱ्या बाईला हे पाणी मिळतं ते वाढलेल्या मजुरीच्या रूपानंच, तेही टोमॅटोचा बाजार टिकला तर. म्हणून मला वाटतं, प्रत्येक तळ्याची एक समिती असावी, तिच्यात भूमिहीन असावेत, दर महिन्याचा तपासणीचा निकाल कन्नडात आणि तेलुगूत बंधाऱ्यावर लावावा, आणि उन्हाळी पिकाचं क्षेत्र त्या समितीनं ठरवावं. नीरगंटी नेमण्याची पद्धत या गावांना नवी नाही.

माझ्या धाकट्या भावाची पुरंदरला अंजिराची बाग आहे, थोडी कोथिंबीर-मेथी, थोडा ऊस आणि चारा. सुट्टीत गेले होते तेव्हा तो म्हणाला, “ताई, तू दुसऱ्यांचं पाणी तपासतेस, आमचंही बघ की एकदा.” मी त्याच्याकडून दोन नमुने घेतले, एक आवर्तनाचं पाणी आणि एक विहिरीचं. आवर्तनाच्या पाण्यात क्षार विहिरीपेक्षा स्पष्ट जास्त निघाले आणि विष्ठेतून येणारे जिवाणू इतके की कच्ची खायची भाजी त्यावर घेऊच नये. विहिरीचं पाणी बरंच बरं होतं. तेव्हापासून योजनेचं पाणी फक्त उसाला आणि चाऱ्याला, अंजिराला ठिबकनं विहिरीचं, आणि कोथिंबीर-मेथीलाही विहिरीचंच, तेही पुरेल तेवढ्याच वाफ्यांना. मेथीचं क्षेत्र निम्म्यावर आलं, त्याची बायको त्यावर नाराज आहे, कारण आठवडी बाजाराचे पैसे तिच्या हातात यायचे. त्याच्या वाडीतल्या शेतकऱ्यांनी तपासणीचा खर्च वाटून घ्यायचं ठरवलंय. पुढचं आवर्तन सुटलं की मातीचे नमुनेही घ्यायचे आहेत, बागेतल्या वरच्या वीतभर थराचे आणि त्याखालचे वेगळे.